जॅझ, हळद आणि पंढरीचा जनरेटर

त्या वर्षांत आमच्या गावात दोघांनाच खरा मान होता. एक रामनाथशेठ, ज्यांच्या शेतात आता भाताऐवजी गोदामं उगवतात, आणि दुसरा पंढरीचा जनरेटर. रामनाथशेठ आले की लोक खुर्ची देत. जनरेटर आला की लोक रस्ता देत, सावली देत, आणि त्याच्या आसपास कोणी बिडी शिलगावली तर त्याला हाकलून देत. भिवंडी पट्ट्यातलं लोडशेडिंग ज्यांनी भोगलं नाही त्यांना हा मान कळायचा नाही. दिवेलागण झाली की आमची लाइट जायची, आणि माणसं जेवून, भांडी घासून, शेजाऱ्यांशी चार शब्द भांडून झाली की सावकाश यायची. त्यामुळे लग्नाची तारीख आधी भटजी काढत आणि मग पंढरी ती पक्की करत असे.

मी टिपणीस. बँकेत आहे. वळ गावाच्या कडेला जी साईछाया सोसायटी आहे, तिच्यात तळमजल्यावर राहतो. आणि ज्याला माणसाचा गुन्हा म्हणावा की कर्तृत्व हे अजून ठरायचं आहे, असं एक पद माझ्याकडे होतं. मी गावदेवी मित्र क्लबचा सेक्रेटरी होतो. क्लब म्हणजे पूर्वीचा एक लूमचा कारखाना. लूम गेले, पत्रे राहिले. आत दोन कॅरम बोर्ड आणि एक टेबलटेनिसचं टेबल, ज्यावर गावातल्या प्रत्येक लग्नात कांदा चिरला जातो. सेक्रेटरी मला केलं ते माझं अक्षर चांगलं आहे म्हणून. माझ्या डोक्याविषयी तेव्हा कोणी काही बोललं नव्हतं.

दरवर्षी क्लबच्या वर्धापनदिनाला ऑर्केस्ट्रा यायचा. दरवर्षी त्यातला निवेदक तेच विनोद सांगायचा आणि दरवर्षी रामनाथशेठ ते नव्याने ऐकल्यासारखे हसायचे. हे असंच चाललं असतं. पण दोन हजार सहा साली बँकेतल्या एका साहेबांचा निरोप समारंभ वांद्र्याच्या एका क्लबात झाला आणि तिथे पांढरे कोट घातलेले काही म्हातारे जॅझ वाजवत होते. ट्रम्पेटचा धाकटा भाऊ कॉर्नेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, बँजो, पोटाएवढा एक ट्युबा आणि ड्रम. जुन्या वळणाचा, मिरवणुकीतून आलेला जॅझ, ज्याला डिक्सी म्हणतात. पहिलंच गाणं सुरू झालं आणि माझा पाय हलायला लागला. मी बँकेतला माणूस आहे. माझा पाय असा परस्पर हलत नाही. मी त्याला दाबून धरलं तर दुसरा हलायला लागला. परत येताना सबंध रस्ताभर मला एकच वाटत होतं, की जन्मात एक तरी गोष्ट आपल्या गल्लीत आपण आणावी, जी आधी कोणीच आणलेली नाही. ही इच्छा चांगली होती. पुढे जे झालं त्याचा दोष मी इच्छेला देत नाही.

कार्यकारिणीच्या बैठकीत मी विषय मांडला.

"जाज म्हंजे काय?" रामनाथशेठनी विचारलं.

मी उभा राहिलो. अमेरिकेच्या दक्षिणेकडची कष्टकरी माणसं, त्यांची दुःखं, त्यांच्या मिरवणुका, माणूस गेला की त्याला पोचवताना वाजवलं जाणारं संथ संगीत आणि परत येताना वाजवलं जाणारं आनंदी संगीत, असं सगळं सांगितलं. मला वाटतं, माझा आवाज थोडा भरून आला होता.

"म्हंजे मयताचा बँड," रामनाथशेठ म्हणाले. "वर्धापनदिनाला?"

"आनंदाचंही वाजवतात, शेठ."

आमच्या सोसायटीतले जीवन म्हात्रे हे सल्ला देण्यासाठीच कार्यकारिणीत घेतलेले आहेत. त्यांना प्रत्येक विषयातलं थोडंथोडं कमी कळतं. ते म्हणाले, "साहेब, मध्ये एक लावणी टाका. सेफ राहील."

मी लावणी टाकली नाही. रामनाथशेठनी मुद्द्याला हात घातला. "शेजारच्या गावच्या क्लबात असला जाज कवा झालाय काय?"

"कधीच नाही."

"मंग करा."

ठराव एकमताने मंजूर झाला. वाजवणारेही मिळाले, वांद्र्याला ऐकलेलेच. बस्त्याव लोपीस आणि त्यांचे डिक्सी बॉईज, सगळे वसईचे. त्यांतला सर्वांत धाकटा बॉय निवृत्त होऊन नातवंडं शाळेत सोडायला जात होता. बस्त्यावकाकांनी फोनवर एवढंच विचारलं की जेवण असेल का. मी असेल म्हणालो.

मग पोलिसांची परवानगी. लाउडस्पीकरच्या अर्जावर 'कार्यक्रमाचा प्रकार' असा एक रकाना होता. हवालदारांनी पेन उघडून माझ्याकडे पाहिलं.

"जॅझ," मी म्हणालो.

"धार्मिक का राजकीय?"

"सांगीतिक."

"बायका नाचणार?"

"नाही."

"मग पुरुष?"

"तेही नाहीत. लोक बसून ऐकतील."

ह्या उत्तराने त्यांचा संशय बळावला. "नुसते बसून? गाण्याचे शब्द काय आहेत?"

"शब्द फारसे नसतातच."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. शब्द नसलेलं गाणं बसून ऐकणारे लोक त्यांच्या हद्दीत यापूर्वी जमले नव्हते. त्यांनी आत जाऊन साहेबांना विचारलं, साहेबांनी आणखी कोणाला फोन लावला, आणि मला जेवणाच्या सुट्टीनंतर यायला सांगितलं. तिसऱ्या खेपेला रकाना भरला गेला. 'विलायती बँडबाजा (बिनशब्दांचा). लाउडस्पीकर रात्री दहापर्यंत.' मी सही करून आभार मानले. जगात कुठेही जॅझची इतकी थोडक्यात व्याख्या झाली नसेल.

त्यानंतर मी ती गोष्ट केली जी मला तेव्हा फार दूरदृष्टीची वाटली होती. पंढरीकडे जाऊन जनरेटर बुक केला, आणि कपाटाएवढ्या स्पीकरांसह एक साउंडवालाही. आमच्याकडे साध्या सत्यनारायणाला भिंतीएवढे स्पीकर लागतात. मग परदेशाहून आलेल्या संगीताला किती लागतील, असा माझा साधा विचार होता. बस्त्यावकाकांना हे विचारावं असं माझ्या मनात आलं नाही. लाइटशिवाय, माइकशिवाय आणि जनरेटरशिवाय कोणी काही वाजवू शकतं ही कल्पनाच आमच्या गावातून नाहीशी झालेली होती.

आता पुतळाबाईंविषयी सांगायला हवं. आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून पुतळाबाईंचं घर आहे. नेत्रा, म्हणजे माझी बायको, त्यांना आय म्हणते आणि मी मावशी म्हणतो. त्या धवलारीण आहेत. लग्नाच्या प्रत्येक विधीला जी बाई उभी राहून गाणी म्हणते आणि जिच्यामागे बाकीच्या बायका म्हणतात ती धवलारीण. तिच्याशिवाय आमच्या गावात हळद लागत नाही. खेरीज दर रविवारी पुतळाबाईंकडून आमच्याकडे एक टोप येतो. त्यात कधी बोंबील, कधी कोळंबी आणि खाडीने मेहेरबानी केली तर जिताडा. नेत्रा तो टोप धुऊन त्यात वालाचं बिरडं नाहीतर नारळाच्या वड्या घालून परत पाठवते. टोप रिकामा जात नाही. आणि दिलेला टोप कोणी कधी मागत तर नाहीच.

त्यांच्या नातीचं, दिपालीचं, लग्न ठरलं. आणि हळद आली नेमकी जॅझच्या संध्याकाळी.

त्या मुहूर्तावर पार अंबाडीपर्यंत लग्नं होती. पट्ट्यातला एकही जनरेटर मोकळा नव्हता. हळदीच्या दोन-तीन आठवडे आधी एका सकाळी दिपालीचा बाप महादू आमच्या दारात आला.

"सायेब, जनरेटर तेवढा सोडा. डीजे सांगलाय, लायटिंग सांगलीय, आनि लाइट काय टिकायची न्हाय."

मी खरं सांगतो, मी सोडणार होतो. 'घेऊन जा' हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. पण महादू पुढे बोलला.

"तुमचं काय, तुमची ती पिपानी दुसऱ्या दिशी पन वाजंल. हलद थोडीच सरकते?"

पिपाणी! ज्या संगीतासाठी मी पोलीस ठाण्याच्या तीन खेपा केल्या, ज्यासाठी मी समितीपुढे सद्गदित झालो, ती पिपाणी! माझा चेहरा ताठ झाला. "महादू," मी म्हणालो, "बुकिंग आधी क्लबचं आहे. क्लबच्या कामात मी घरचे संबंध आणत नाही." हे वाक्य मला स्वतःला फारच आवडलं. आतल्या खोलीपर्यंत जाईल अशा आवाजात मी ते म्हटलं होतं. आतल्या खोलीत नेत्रा होती. तिला ते आवडलं नाही.

संध्याकाळी पुतळाबाई स्वतः आल्या. उंबऱ्यातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत.

"टिपनीस, पोरीची हलद कालोखात लावू?"

"मावशी, तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तुज्या तत्त्वाला लगनाची पोर हाय काय?"

उत्तर नसलं की मी पेपर उघडतो, तसा उघडला. पुतळाबाई नेत्राकडे वळल्या. "नेत्रा, आमचा टोप हाय तुमच्याकडं. दे."

नेत्रा पांढरी पडली. तिने घाईघाईने टोपात साखर घालायला घेतली, पण म्हातारी म्हणाली, "रिकामाच दे गो," आणि रिकामा टोप काखेत धरून निघून गेली. 

त्या रविवारी आमच्याकडे भेंडी होती. त्याच्या पुढच्या रविवारीही भेंडीच होती. ताटावर नेत्रा एवढंच म्हणाली, "मृणाली झाली तेव्हा मला आई नव्हती. सव्वा महिना ती बाई रोज पहाटे पाणी तापवून मला आणि पोरीला न्हाऊ घालायला यायची. तिने बुकिंग विचारलं नव्हतं." त्याच क्षणी उठून जायला हवं होतं. पण जिन्याखाली जीवन म्हात्रे भेटले आणि म्हणाले, "साहेब, आता सोडलात तर पुढच्या वर्षी कॅरम बोर्डसुद्धा घेऊन जातील." आणि मी पुन्हा ताठ झालो.

जॅझच्या संध्याकाळी नेत्रा पिवळी साडी नेसून आरशापुढे उभी होती. "मी हळदीला जातेय. आमटी झाकून ठेवलीय," ती म्हणाली. कार्यक्रमाच्या निमंत्रणपत्रिकेवर पहिल्याच ओळीत तिचं नाव होतं. ते तिने पाहिलं असावं.

क्लबला जायचा रस्ता एकच, पुतळाबाईंच्या दारावरून, चढ चढून. आणि मांडव नेहमीप्रमाणे भर रस्त्यात होता. आमच्याकडे मांडव रस्त्यातच घालतात, कारण जागा तिथे असते. त्यामुळे डिक्सी बॉईजची गाडी अलीकडेच थांबली आणि त्यांना मांडवातून चालत न्यावं लागलं. पुढे मी, मागे पांढऱ्या कोटांतले म्हातारे, एकाच्या खांद्यावर ट्युबा. सगळा मांडव बघत राहिला. पुतळाबाईंनी तोंड फिरवलं. बस्त्यावकाका मटणाच्या पातेल्याजवळ रेंगाळले आणि म्हणाले, "प्रोग्राम इथेच काय?"

"नाही, पुढे," मी म्हणालो. त्यांना वाईट वाटलेलं स्पष्ट दिसत होतं.

क्लबात खुर्च्यांच्या रांगा होत्या आणि खुर्च्यांवर रामनाथशेठ, जीवन म्हात्रे, वॉचमन आणि कार्यकारिणीतले ज्यांना घरून हळदीला जाऊ दिलं नव्हतं असे दोघे. बाकी गाव मांडवात होतं. बस्त्यावकाका मंचावर चढले आणि स्पीकरांकडे बघत उभे राहिले.

"हे कपाट कशाला?"

"स्पीकर आहेत."

"अरे मॅन, आम्ही वाजवायला आलोय का पत्रे उडवायला? डिक्सीला माइक नाय लागत, करंट नाय लागत. वारा लागतो, तो आम्ही घरून आणलाय." त्यांनी पोटावर हात मारला. "आणि बाहेर ते काय घरघरतंय?"

"जनरेटर."

"तो पहिला बंद करा. आमच्या क्लॅरिनेटवाल्याचा आधीच एक कान गेलाय. दोन पेट्रोमॅक्स लावा, बस."

मी मंचाच्या कडेला खाली बसलो. ज्या जनरेटरसाठी मी शेजार तोडला, नेत्राचं माहेर तोडलं, दोन रविवार भेंडी खाल्ली, तो जनरेटर जॅझला नकोच होता. नको म्हणजे काय, तो जॅझच्या आड येत होता. मी वॉचमनला सांगून तो बंद करवला. क्लबात पेट्रोमॅक्स पेटले. आणि तेवढ्यात गावाची लाइट गेली.

लाइट गेली की आमच्या गावातून एक मोठा 'होऽऽ' उठतो. तसा उठला. डीजे अर्ध्या ओळीत मेला. मग काहीच नाही. एरवी त्यानंतर हसणं, हाका, कोणाच्या तरी पायावर कोणीतरी पडणं, असं काही ऐकू येतं. त्या दिवशी शांतता होती, आणि त्या शांततेत पुतळाबाईंचा एकटीचा आवाज आला. ती म्हातारी काळोखात गात होती. मागे म्हणणाऱ्या बायकांचे आवाज विस्कटलेले, कोणी इथे, कोणी तिथे. त्यांत एक नेत्राचा असणार. मला एकदम फार लाज वाटली. माझ्या सगळ्या वाक्यांची लाज वाटली.

"पंढरी," मी ओरडलो, "जनरेटर मांडवात न्या!"

पंढरी बाहेर जनरेटरच्या ट्रॉलीला टेकून बसला होता. "ट्रॅक्टर न्हाय सायेब. अंबाडीला पावने आनायला गेलाय."

"मग ढकलू."

"कोन?" रामनाथशेठनी विचारलं. जनरेटर ट्रॉलीवर स्वस्थ बसून होता.

बस्त्यावकाकांनी कॉर्नेट काखेत घेतला. "कुठे न्यायचाय?"

"खाली, मांडवात."

"म्हणजे जिथे मटण आहे तिथे?"

"हो."

"बॉईज," ते मागे वळून म्हणाले, "उठा."

आणि मग आमच्या गावाने आजवर न पाहिलेली वरात निघाली. पुढे दोन पेट्रोमॅक्स, एक साउंडवाल्याच्या डोक्यावर आणि एक जीवन म्हात्रेंच्या. त्यांच्यामागे डिक्सी बॉईज. त्यांच्यामागे जनरेटर. आणि जनरेटरच्या मागे मी, पंढरी, वॉचमन, कार्यकारिणी आणि खुद्द रामनाथशेठ. शेठनी धोतर सावरत ट्रॉलीला हात लावला तेव्हा पंढरीला गहिवरून आलं. बस्त्यावकाका म्हणाले होते की वजन उचलायला ताल लागतो, म्हणून त्यांनी एक संथ चाल सुरू केली. तालावर एक रेटा, तालावर दुसरा रेटा. क्लबचं फाटक ओलांडेपर्यंत सगळं शास्त्रशुद्ध चाललं होतं.

पण फाटकानंतर उतार आहे हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. चढ चढून आपण क्लबात येतो, तर जाताना तो उतार होणार, एवढं साधं गणित बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला यायला हवं होतं. ट्रॉलीने आमच्या हातातून अंग काढून घेतलं. आम्ही ढकलणारे एकदम ओढणारे झालो, आणि थोड्याच वेळात ओढले जाणारे झालो.

"काका, जनरेटर सुटला! पळा!" मी ओरडलो.

बस्त्यावकाकांनी मागे पाहिलं. ते पळाले, पण वाजवणं सोडलं नाही. बहुधा आयुष्यभराची सवय असावी. संथ चाल जलद झाली, जलद चाल आणखी जलद झाली, ड्रमवाला उड्या मारत वाजवू लागला, ट्युबावाला धापा टाकत एकच सूर धरून राहिला, आणि क्लॅरिनेटवाल्याला मागचं काही ऐकू येत नसल्यामुळे तो सगळ्यांत आनंदात होता. मांडवातल्या लोकांना ती कला वाटली. अंधारातून दिवे घेऊन, सुसाट वाजवत, उजळ कोटांतली माणसं धावत येताहेत हे पाहून पोरं-बायका-पुरुष सगळे रस्त्यावर आले आणि नाचायलाच लागले.

मांडवाच्या तोंडाशी पुतळाबाई हळदीचं ताट घेऊन उभ्या होत्या. बँड दोन बाजूंना फुटला. पंढरीने कुठून तरी एक दगड चाकाखाली सारला, मी ट्रॉलीच्या साखळीला लोंबकळलो, आणि जनरेटर पुतळाबाईंच्या समोर येऊन उभा राहिला. म्हातारी जागची हलली नव्हती.

ती जनरेटरकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. साखळी अजून माझ्या हातात होती. आमच्या गावात वाजत गाजत मांडवाच्या दाराशी जो येईल त्याला ओवाळल्याशिवाय राहत नाहीत, मग तो कोणीही असो. पुतळाबाईंनी ताट वर केलं, जनरेटरला ओवाळलं आणि गायला सुरुवात केली.

"यो कोन गो आयला मांडवदारी..."

बायकांनी ओळ धरली.

"काला काला नवरा, धूर नाकावरी..."

मांडव हसण्याने कोसळायचा बाकी राहिला. बायकांनी ती ओळ पुन्हा म्हटली, आणि त्यांच्या मागोमाग, धापा टाकत का होईना, बस्त्यावकाकांच्या कॉर्नेटने तीच ओळ वाजवली. पुतळाबाईंनी चमकून पाहिलं. दुसरी ओळ जरा वळण देऊन म्हटली. कॉर्नेटने वळण घेतलं आणि स्वतःचं एक जोडलं. म्हातारीने कंबरेवर हात ठेवला. तिला तिच्या तोडीचं कोणीतरी भेटलेलं होतं आणि तिला ते आवडलंही होतं.

मग तिने मूठभर हळद जनरेटरच्या पत्र्याला फासली आणि उरलेली माझ्या दोन्ही गालांना. "घे," ती म्हणाली, "तुज्या तत्त्वाला पन लाव."

पंढरीने जनरेटरचं हँडल मारलं. पुन्हा मारलं. बऱ्याच वेळाने त्याने टाकीत काठी घालून पाहिली. "सायेब, डिझेल तलाला गेलंय, वडत न्हाय. दुपारधरनं तुमीच टेस्टिंगला चालू ठेवाया सांगलावता."

मी डोळे मिटले. आता काय होईल याची वाट बघितली. काहीच झालं नाही. म्हणजे कोणी ऐकलंच नाही. डिक्सी बॉईजनी पुढचं गाणं धरलं होतं, दिपालीला पाटावर बसवलं होतं, पेट्रोमॅक्सच्या उजेडात तिचे हळदीचे हात चमकत होते, आणि महादू, माझ्या संगीताला पिपाणी म्हणणारा महादू, ट्युबाच्या पुढ्यात असा नाचत होता की ट्युबावाल्याला जागा बदलावी लागली. नेत्रा दिपालीच्या मागे उभी होती. तिने मला पाहिलं, माझे पिवळे गाल पाहिले आणि पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती हे मला लांबून कळलं नाही. माझा पाय मात्र हलत होता, आणि ह्या खेपेला मी तो दाबला नाही.

दोन-तीन गाण्यांनंतर घामाने निथळत, पायांपर्यंत हळदीने माखलेले रामनाथशेठ माझ्याजवळ आले. "टिपनीस सायेब, हलद झ्याक झाली. आता तुमचा जाज कवा सुरू व्हनार?"

"चालू आहे, शेठ."

"यो?" ते वाजवणाऱ्यांकडे बघत राहिले. "मंग आदी सांगाचा ना. मी तिकडं नुसताच खुर्चीत बसलो."

दहाच्या सुमाराला हवालदार आले, हातात परवानगीची प्रत. "टाइम झाला. लाउडस्पीकर बंद करा."

"लाउडस्पीकर नाहीये," मी म्हणालो.

त्यांनी मांडवभर फिरून खात्री केली. कागदावर लाउडस्पीकर बंद करायचा होता आणि इथे तर तो लावलेलाच नव्हता. ह्या परिस्थितीसाठी त्यांच्याकडे हुकूम नव्हता. पुतळाबाईंनी त्यांच्या हातात जेवणाचं ताट दिलं आणि बस्त्यावकाकांच्या शेजारी बसवलं. दोघांनी मिळून मटणाच्या पातेल्याचा निकाल लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर टोप होता. वर केळीचं पान, आत जिताडा. मी तो दोन्ही हातांनी आत आणला आणि नेत्रापुढे ठेवला. तिने वाल सोलायला घेतले आणि अर्धे माझ्यापुढे सरकवले. दुपारी बिरड्याने भरलेला टोप मीच घेऊन निघालो, नेत्रा जाते म्हणाली तरी.

मांडवापाशी जनरेटर अजून तसाच उभा होता, अंगभर हळदीचे पंजे घेऊन. पंढरी म्हणाला की तो धुणार नाही, लग्नसराईत शकुनाचा आहे. पुतळाबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी टोप पुढे केला. त्यांनी झाकण काढलं, आत डोकावल्या, बोटाने एक वाल उचलून तोंडात टाकला.

"मावशी," मी म्हणालो, "माझं चुकलं."

"मीठ बरोबर हाय," त्या म्हणाल्या आणि झाकण ठेवलं. मग थोडं सरकून ओट्यावर मला जागा केली. "टिपनीस, पुढल्या साली त्यो लोपीस परत आन. माजी गानी हायेत अजून, त्याला सगली वाजवाया येतील काय बगू. पन एक सांगते."

"काय?"

"जनरेटर मी सांगन."